नवशिक्याचे गुलमर्ग

स्कीइंग शिकण्यासाठी भारतात जागा मोजक्याच आहेत: उत्तराखंडात औली, हिमाचलात मनालीजवळचे सोलंग आणि शिमल्याच्या पुढचे नारकंडा, काश्मीरमध्ये गुलमर्ग. यांत सर्वांत उंच उतार आणि सर्वांत जुनी परंपरा गुलमर्गची. ब्रिटिश अधिकाऱ्यांनी १९२७ साली इथे स्की क्लब ऑफ इंडिया काढला. १९४८ मध्ये भारतीय लष्कराने बर्फातल्या युद्धाचे शिक्षण देणारी शाळा इथेच सुरू केली. आजची हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल ती हीच. १९६० च्या दशकाच्या अखेरीस केंद्रीय पर्यटन खात्याची भारतीय स्कीइंग व गिर्यारोहण संस्था आली आणि सामान्य नागरिकालाही शिस्तीत शिकण्याची सोय झाली. २०२० पासून खेलो इंडियाच्या हिवाळी स्पर्धा या उतारांवर होऊ लागल्या. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकुलता एक खेळाडू असलेला आरिफ खान इथलाच. त्याच्या वडिलांचे गुलमर्गमध्ये स्कीच्या साहित्याचे दुकान होते आणि तो लहानपणी इथेच स्कीवर उभा राहिला. जायंट स्लालम शर्यतीत तो ४५ वा आला.

मराठी माणसाला गुलमर्ग ठाऊक असते ते काश्मीर सहलीतला एक दिवस म्हणून. सकाळी श्रीनगरहून निघायचे, पायथ्याच्या तंगमर्गला भाड्याचे गमबूट आणि कोट चढवायचे, गोंडोल्याच्या, म्हणजे डोंगरावर नेणाऱ्या रोपवेच्या, रांगेत उभे राहायचे, स्लेजवर बसून फोटो काढायचे आणि अंधार पडायच्या आत परतायचे. या दिवसात कोणी अर्धा तास स्कीवर उभे करून दिले तरी त्याला स्कीइंग म्हणता येत नाही. स्कीची सुट्टी ही मुळात शिकण्याची सुट्टी असते. म्हणून तिचे नियोजन प्रेक्षणीय स्थळांच्या यादीवरून करण्यात अर्थ नाही. सौम्य उतारावर सलग किती दिवस मिळतील, तिथून ते सुरू करावे. महिना, मुक्काम, प्रशिक्षक आणि खर्च यांची उत्तरे त्यामागून येतात.

सलग पाच दिवस ही नवशिक्याची किमान गरज धरावी. पहिला दिवस बूट घालणे, सपाटीवर सरकणे, पडणे आणि उठणे यांत जातो. दुसऱ्या दिवशी थांबता येऊ लागते. तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात आणि बहुतेकांचा धीर सुटतो. मात्र याच दिवशी सोडून देणाऱ्याला काहीच मिळत नाही, कारण वळणे जमू लागतात ती चौथ्या-पाचव्या दिवशी. त्यामुळे श्रीनगर, पहलगाम आणि गुलमर्ग अशी तिन्ही ठिकाणे एका आठवड्यात बसवण्याचा मोह टाळावा. दल सरोवर पुढच्या खेपेलाही जागेवरच असेल.

काश्मीरच्या थंडीचे कॅलेंडर स्थानिक लोक तीन भागांत मोजतात. २१ डिसेंबरपासून चाळीस दिवस चिल्लई कलान, मग वीस दिवस चिल्लई खुर्द आणि शेवटचे दहा दिवस चिल्लई बच्चा. बर्फ येतो तो भूमध्य समुद्राच्या बाजूने सरकत येणाऱ्या पश्चिमी विक्षोभांबरोबर, आणि ते कोणाच्या बुकिंगकडे पाहून येत नाहीत. जानेवारी २०२४ चा बराचसा काळ गुलमर्गचे पठार तपकिरी गवताचे राहिले होते. बर्फ पडला तो महिन्याच्या अखेरीस. नाताळच्या सुट्टीत जाणारा म्हणजे जुगार खेळणारा. गर्दी आणि भाडी सर्वांत चढी असतात तीही याच दिवसांत. जानेवारीचा उत्तरार्ध ते फेब्रुवारीचा शेवट हा काळ सर्वांत भरवशाचा. नवशिक्यासाठी मला मार्चचा पहिला आठवडाही वाईट वाटत नाही. दिवस मोठा असतो, ऊन असते, बोटे बधिर होत नाहीत. दुपारनंतर बर्फ ओला आणि जड होतो, तेव्हा सराव सकाळी उरकावा लागतो एवढेच. शाळकरी मुले बरोबर असतील तर मात्र वार्षिक परीक्षा आड येतात.

मुंबई किंवा दिल्लीहून श्रीनगरला विमानाने पोहोचावे. तिथून गुलमर्ग सुमारे ५० किलोमीटर. शेवटचे १३ किलोमीटर तंगमर्गपासून घाटाचे आहेत आणि ताज्या बर्फात तिथे साधी गाडी वर सोडत नाहीत. फोर-बाय-फोर किंवा चाकांना साखळ्या लावलेली स्थानिक गाडी घ्यावी लागते, तिचे भाडे आधीच धरून ठेवावे. श्रीनगरच्या धावपट्टीवर बर्फ साचला किंवा धुके उतरले की उड्डाणे रद्द होतात, म्हणून परतीच्या विमानाआधीचा एक दिवस मोकळा ठेवणे शहाणपणाचे. कार्यालयात सोमवारी हजर व्हायचे असेल तर रविवारचे परतीचे तिकीट काढूच नये. दुसऱ्या राज्यातली प्रीपेड सिमकार्डे जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेड चालतात. घरातल्या एकाकडे तरी पोस्टपेड असावे आणि खिशात रोख रक्कम असावी.

एप्रिल २०२५ मध्ये पहलगामजवळच्या बैसरन पठारावर झालेल्या दहशतवादी हल्ल्यात २६ जण मारले गेले. त्यांत डोंबिवली, पनवेल आणि पुण्याचे मिळून महाराष्ट्रातले सहा जण होते. त्यानंतर काश्मीरचे नाव काढले की अनेक घरांत आधी नकार येतो, आणि तो समजण्यासारखा आहे. जायचे ठरलेच तर निघण्यापूर्वीच्या आठवड्यात सरकारी सूचना पाहाव्यात आणि रद्द करता येतील अशीच बुकिंगे करावीत. मन तयार नसेल तर मनालीची अटलबिहारी वाजपेयी गिर्यारोहण संस्था स्कीइंगचे अभ्यासक्रम घेते. औलीचे उतारही शिकण्याजोगे आहेत, पण जोशीमठची जमीन खचू लागल्यावर जानेवारी २०२३ मध्ये तिथला रोपवे बंद करण्यात आला, हे लक्षात ठेवून प्रवास आखावा.

मुक्काम गुलमर्गमध्येच करावा. तंगमर्गला राहणे स्वस्त पडते, पण रोज सकाळी घाटातल्या गाडीची वाट पाहण्यात उताराचा उत्तम वेळ जातो. हॉटेल निवडताना खिडकीतून काय दिसते यापेक्षा खोली कशाने गरम होते ते विचारावे. काही ठिकाणी बुखारी, म्हणजे लाकडाची शेगडी असते, काही ठिकाणी विजेचे हीटर आणि गादीवर विजेचे ब्लँकेट. कडाक्याच्या थंडीत रात्री पारा उण्या दहाच्या आसपास जातो आणि वीजही जाते, तेव्हा जनरेटर रात्रभर चालतो का हाही प्रश्न हवा. कोळशाची कांगडी किंवा धूर धरणारी बुखारी बंद खोलीत पेटती ठेवून झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हॉटेल उतारापासून किती लांब आहे हेही पाहावे. स्कीचे बूट घालून, स्की खांद्यावर टाकून बर्फात एक किलोमीटर चालणे हा स्वतंत्र व्यायाम आहे. जेवणाची चिंता करू नये, राजमा-भात आणि पोळी-भाजी मिळते. खिशात ठेवायला घरून शेंगदाण्याची चिक्की न्यावी.

शिकवणारा माणूस ही सर्वांत महत्त्वाची निवड. दोन रस्ते आहेत. एक सरकारी संस्थेचा. तिथे आठवडा किंवा त्याहून जास्त दिवसांचे निवासी अभ्यासक्रम असतात, साहित्य तिथलेच, शुल्क खासगीपेक्षा कमी, आणि दिवस शिट्टीवर चालतो. जागा लवकर भरतात, तेव्हा हंगामाच्या बऱ्याच आधी अर्ज करावा लागतो. एकट्याने जाणाऱ्या तरुणाने दुसरा विचारच करू नये असे माझे मत आहे. दुसरा रस्ता खासगी प्रशिक्षकाचा. कुटुंबाला आणि चाळिशीच्या पुढच्यांना तो सोयीचा, कारण वेग आपल्या मनाप्रमाणे ठेवता येतो. मात्र तंगमर्गच्या स्टँडवर गाडीला लटकून ‘साब, स्की सिखा दूँगा’ म्हणणारा प्रत्येक जण प्रशिक्षक नसतो. पर्यटकाला धरून उतारावरून खाली नेणे आणि त्याला शिकवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हॉटेलमधून किंवा ओळखीतून आधी नाव घ्यावे, प्रशिक्षणाचा दाखला विचारावा आणि दिवसाचा दर साहित्यासह की साहित्याविना हे निघण्यापूर्वी ठरवून टाकावे. सरकारी दरपत्रकाचे फलकही लावलेले असतात; घासाघीस सुरू करण्याआधी ते वाचावेत.

साहित्य विकत घेऊ नये. पहिल्या सुट्टीला स्की, बूट आणि काठ्या भाड्याने पुरतात. मुंबई-पुण्याहून विमानात ते ओझे नेण्यात काही मिळत नाही. भाड्याच्या दुकानात सर्वाधिक वेळ बुटावर घालवावा. नवशिके स्कीची लांबी आणि रंग न्याहाळत बसतात, पण दिवस बिघडतो तो बुटाने. बूट घालून ताठ उभे राहिल्यावर अंगठे पुढच्या भिंतीला हलके टेकले पाहिजेत. गुडघे पुढे वाकवले की ते मागे सरकून मोकळे झाले पाहिजेत, आणि टाच मात्र कोणत्याही स्थितीत वर उचलली जाता कामा नये. सैल बूट सुरुवातीला सुखाचा वाटतो. उतारावर पाय आतल्या आत फिरतो आणि स्की ऐकेनाशी होते. आत मोजा एकच, लोकरीचा किंवा कृत्रिम धाग्याचा, पोटरीपर्यंत. थंडीच्या भीतीने दोन-तीन मोजे चढवले की रक्ताभिसरण अडते आणि पाय जास्तच गार पडतात. बूट बांधून दुकानात दहा मिनिटे फिरावे, टोचला तर लगेच बदलून मागावा. हंगामाच्या गर्दीत दुकानदार कंटाळतो, त्याला कंटाळू द्यावे.

स्कीची लांबी नवशिक्याला हनुवटीपर्यंत असली की बस. आखूड स्की लवकर वळते. काठी उलटी धरून तिच्या चकतीखाली मूठ धरली असता कोपर काटकोनात यायला हवे. बुटाला स्कीशी जोडणारे बाइंडिंग हे सुरक्षेचे खरे यंत्र. जोराने पडल्यावर ते सुटले नाही तर लांब स्की पायाला पिळून गुडघ्याचा अस्थिबंध फाडू शकते, आणि फार सैल असले तर उतारावर चालता चालता स्की निघून जाते. ते किती घट्ट ठेवायचे हे वजन, उंची, वय, बुटाच्या तळाची लांबी आणि कौशल्य यांवरून ठरते. दुकानात कोणी वजन विचारलेच नाही तर आपण होऊन सांगावे आणि आकडा बदललेला डोळ्यांनी पाहावा. हेल्मेटही भाड्याने मिळते. ते घ्यावेच.

कपड्यांचा नियम सोपा आहे: सुती काही नको. सुती बनियन घाम शोषून ओले राहते आणि थांबल्याबरोबर अंग गारठते. अंगालगत कृत्रिम धाग्याचा किंवा लोकरीचा पातळ थर, त्यावर फ्लीस, सर्वांत वर वारा आणि पाणी अडवणारे जाकीट आणि पँट. जीन्स घालून बर्फात बसणारे पर्यटक दर हंगामात दिसतात. अर्ध्या तासात त्यांची पँट ओली होऊन कडक होते. हातमोजे जलरोधक हवेत, शक्य तर दोन जोड. गॉगल हा शोभेचा भाग नाही. उंचीबरोबर दर हजार मीटरला अतिनील किरणे साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ऐंशी टक्क्यांपर्यंत परत फेकतो, म्हणजे ऊन वरून आणि खालून दोन्हीकडून लागते. हनुवटीच्या खाली आणि नाकपुड्यांभोवतीही सनस्क्रीन लावावे. ढगाळ दिवशी गॉगल काढणाऱ्याचे डोळे संध्याकाळी वाळू गेल्यासारखे चुरचुरतात.

शरीराची तयारी निघण्यापूर्वी सहा ते आठ आठवडे सुरू करावी. उठाबशा, जिने चढणे-उतरणे, एका पायावर तोल सांभाळणे एवढे पुरे. गुलमर्गचे पठार सुमारे २,६५० मीटरवर आहे. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा ते हजार मीटर उंच. पहिल्या दिवशी धाप लागते, डोकेही दुखू शकते, तेव्हा पोहोचल्या दिवशी उतारावर जाऊ नये. हृदयविकार, दमा किंवा गुडघ्याची जुनी दुखापत असलेल्यांनी डॉक्टरांना विचारावे. प्रवास विमा काढताना साहसी खेळ त्यातून वगळलेले नाहीत ना, हे पॉलिसीच्या बारीक अक्षरांत शोधावे. बहुधा वगळलेले असतात आणि वेगळा हप्ता भरून घ्यावे लागतात.

गड उतरून पाय तयार झालेल्या ट्रेकरला मांड्यांचा फायदा होतो, पण त्याची एक सवय आड येते. सह्याद्रीच्या घसाऱ्यावरून उतरताना आपण अंग मागे टाकतो, प्रसंगी बसून घेतो. स्कीवर नेमके हेच चुकते. वजन मागे गेले की स्कीचे पुढचे टोक हलके होते, वळत नाही, आणि वेग वाढतो. नडग्या बुटाच्या जिभेवर दाबून, गुडघे वाकवून, हात पुढे ठेवून उताराकडे झुकायचे असते. मनाला हे पटायला वेळ लागतो, कारण भीती मागे ओढत असते. पहिल्या दोन दिवसांतला प्रशिक्षकाचा निम्मा आवाज ‘आगे, आगे’ ओरडण्यात जातो.

पहिले तंत्र स्नोप्लाऊचे. स्कीची पुढची टोके जवळ, मागची लांब, आणि दोन्ही आतल्या कडा बर्फात रुतवलेल्या. त्रिकोण रुंद केला की वेग उतरतो, अरुंद केला की वाढतो. उजव्या पायावर दाब दिला की डावीकडे वळण येते, डाव्यावर दिला की उजवीकडे. थांबता येण्याची खात्री होईपर्यंत वरचा उतार मागू नये. पडायची वेळ आलीच तर बाजूला, नितंबावर पडावे. हात मागे टेकवू नयेत आणि काठी मुठीतून सोडून द्यावी. काठी हातात धरून पडल्याने अंगठ्याच्या मुळाशी होणारी इजा या खेळात इतकी सर्रास आहे की तिला स्कीअरचा अंगठा असेच नाव पडले आहे. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या आणि शरीराच्या खालच्या बाजूला आणाव्यात. हे न करता उठू पाहणारा उभा होताक्षणी पुन्हा घसरतो. उतारावरचे नियम आंतरराष्ट्रीय स्की महासंघाने घालून दिले आहेत. पुढे म्हणजे खाली असलेल्या माणसाचा हक्क पहिला, मागून येणाऱ्याने त्याला चुकवायचे. निघण्यापूर्वी वर पाहायचे. अरुंद जागी किंवा उंचवट्याआड उभे राहायचे नाही. गुलमर्गच्या सौम्य उतारांवर स्लेज ओढणारे, फोटो काढणारे आणि पोरेबाळे यांतले काहीच पाळत नाहीत, म्हणून सकाळी लवकर, श्रीनगरच्या गाड्या पोहोचायच्या आत, उतरणीवर असावे.

पठारावरचे हे उतार, गोल्फच्या मैदानाच्या आसपासचे आणि गोंडोल्याच्या पायथ्याचे, पहिल्या सुट्टीला पुरेसे आहेत. प्रत्येकाची नजर जाते ती मात्र गोंडोल्याकडे. त्याचा पहिला टप्पा १९९८ मध्ये सुरू झाला. तो ३,००० मीटरच्या वरच्या कोंगडोरीपर्यंत जातो. २००५ मध्ये सुरू झालेला दुसरा टप्पा अफरवत डोंगराच्या खांद्यावर, चार हजार मीटरच्या किंचित खाली नेतो. युरोपातल्या स्की केंद्रांत उतार यंत्राने दाबून सपाट केलेले असतात आणि अवघडपणानुसार हिरवे, निळे, लाल, काळे असे रंग लावलेले असतात. अफरवतचा वरचा डोंगर बहुतांशी तसाच सोडलेला, मऊ खोल बर्फाचा आहे. जगभरचे मुरलेले स्कीअर त्यासाठीच गुलमर्गला येतात आणि नवशिक्याने त्याच कारणाने तिथे स्की नेऊ नयेत. हिमस्खलनाचा धोका तिथे खरा आहे. फेब्रुवारी २०१० मध्ये खिलनमर्ग भागात लष्कराच्या शाळेतले १७ जवान हिमस्खलनात गेले, आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये अफरवतच्या उतारावर दोन पोलिश स्कीअर दगावले. हे लोक शिकाऊ पर्यटक नव्हते.

कोंगडोरीला सुट्टीच्या शेवटी, प्रशिक्षकाने हो म्हटले तरच, स्की घेऊन जावे. दुसऱ्या टप्प्याचे तिकीट काढायचेच असेल तर ते दिवस आणि वेळ ठरवून आधीच ऑनलाइन घ्यावे, वारा असला तर हा टप्पा बंद राहतो हे गृहीत धरावे, स्की आणि बूट खोलीवर ठेवावेत, वरून दिसणारा मुलूख पाहावा आणि खाली गोंडोल्यातूनच यावे.